एका तारखेचे सूर

आपल्या पंचांगात प्रत्येक दिवसाची काही ना काही ओळख असते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे सांगितली की दिवस ओळखीचा झाला असे आपण मानतो. इंग्रजी तारखांना ही श्रीमंती नाही. त्या आपल्या क्रमाने येतात आणि जातात. मार्च महिन्याची चौदा तारीख अशीच येते. तिला ठरलेला सण नाही, व्रत नाही, सरकारी सुट्टीही नाही. परंतु गाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने हीच तारीख हाती धरून इतिहासाची पाने मागे उलटीत नेली, तर तो व्हिएन्नाच्या नृत्यशाळेत पोहोचतो, लंडनच्या रंगभूमीवर येतो, मुंबईच्या गिरगावात गर्दीत सापडतो, शिकागोच्या एका गरीब वस्तीत डोकावतो आणि शेवटी नागपुरात एका कवीच्या निरोपापाशी येऊन थांबतो.

ह्या पाच घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तारखेचा हा निव्वळ योगायोग आहे. पण एकाच धर्मशाळेत उतरलेले पाच वाटसरू रात्री गप्पांना बसले म्हणजे पाच निरनिराळे मुलूख परस्परांना उमगू लागतात. तसेच काहीसे येथे होते. पाचही घटना एकाच प्रश्नाभोवती फिरतात. लोकांनी आपले म्हटलेले गाणे जगते कशाच्या आधारावर?

पहिला वाटसरू योहान श्ट्राउस. त्याचा जन्म १४ मार्च १८०४ रोजी व्हिएन्नाच्या लिओपोल्डश्टाट भागात झाला. बाप खानावळवाला. मुलगा सात वर्षांचा असताना आई गेली आणि बाराव्या वर्षी बापाचा डॅन्यूब नदीत बुडून अंत झाला. पालकांनी पोराला पुस्तकबांधणीच्या कामाला लावले. पण त्याचे चित्त व्हायोलिनमध्ये गुंतलेले होते. आधी दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांत वाजवून त्याने १८२५ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि वॉल्ट्झ नावाच्या नृत्यसंगीताला असे काही रूप दिले की साऱ्या युरोपाचे पाय त्याच्या तालावर पडू लागले.

वॉल्ट्झ हे मूळचे खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या नाचातून वर आलेले. तीन मात्रांचा फेर, आणि जोडीने एकमेकांना धरून गिरक्या घ्यावयाच्या. सभ्य समाजाला आरंभी हे अभद्र वाटले. आपल्याकडे लावणीविषयी जे बोलले गेले, त्याच जातीचे बोलणे तेथेही झाले. परंतु श्ट्राउसने आपला वाद्यवृंद घेऊन पॅरिस गाठले, लंडन गाठले, आणि १८३८ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यांत त्याचे वादन झाले. ज्या नाचाला नाके मुरडली, तोच दरबारात मानाने शिरला. लोकप्रिय संगीताच्या इतिहासात हा प्रवास पुनःपुन्हा घडतो: आधी शेत, मग गुत्ता, मग नृत्यशाळा आणि शेवटी राजवाडा.

श्ट्राउसच्या घरात मात्र एक निराळेच नाट्य चालले होते. आपल्या मुलाने ह्या धंद्यात पडू नये, पेढीवर नोकरी धरावी, असा बापाचा हट्ट. मुलगा चोरून व्हायोलिन शिकला आणि १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद घेऊन लोकांपुढे उभा राहिला. पुढे त्याच मुलाला जगाने ‘वॉल्ट्झचा राजा’ म्हटले. बाप १८४९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तापाने गेला. त्याच्या आदल्या वर्षी रचलेली त्याची ‘राडेट्स्की’ नावाची संचलनाची धून आजही व्हिएन्नात नववर्षाच्या मैफलीचा समारोप करते आणि श्रोते टाळ्यांनी तिचा ताल धरतात. वादक आणि श्रोता ह्यांच्यामधली रेषा त्या क्षणापुरती पुसली जाते.

दुसरा वाटसरू भेटतो लंडनला. १४ मार्च १८८५ रोजी तेथील सॅव्हॉय थिएटरात ‘मिकाडो’ ह्या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचे. हे थिएटरही त्या काळचे नवल होते. चारच वर्षांपूर्वी ते उघडले तेव्हा तेथे विजेच्या दिव्यांचा लखलखाट पाहून प्रेक्षक थक्क झाले होते. ‘मिकाडो’चे सलग ६७२ प्रयोग झाले.

कथा जपानची, पोशाख जपानी; पण थट्टा होती ती इंग्लंडातल्या अधिकाऱ्यांची, त्यांच्या पदव्यांच्या हव्यासाची आणि कायद्याच्या आंधळेपणाची. दूर देशाचा मुखवटा घातला म्हणजे घरच्या माणसांना चार गोष्टी सुनावता येतात, ही युक्ती जुनीच. पण मुखवट्यालाही कधीतरी दुखते. १९०७ साली जपानचे राजपुत्र फुशिमी इंग्लंडला आले तेव्हा पाहुण्यांचा अवमान होईल ह्या भीतीने सरकारने ह्या खेळाच्या प्रयोगांना काही काळ बंदी केली. आणि आजही त्यातल्या जपानी माणसाच्या चित्रणाविषयी वाद होतातच. गाणे गोड असले म्हणून त्यातले सगळेच निर्दोष ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी श्रोत्याच्या मनात येथे सहज उभी राहील. लंडनमध्ये हे चालले होते त्याच सुमारास पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून मराठी माणसाला गाण्याचे वेड लावले होते. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पण दोन्हीकडे साधले ते एकच. जे संगीत दरबारात किंवा जाणत्यांच्या बैठकीत ऐकावे लागे, ते तिकीट काढून कोणालाही ऐकता येऊ लागले आणि घरी जाताना गुणगुणता येऊ लागले. ‘मिकाडो’ रंगभूमीवर आला त्याच १८८५ सालच्या नोव्हेंबरात अण्णासाहेब निवर्तले. त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते.

आता आपण मुंबईला येऊ. कारण ह्या तारखेचे खरे माहेर तेथेच आहे. १४ मार्च १९३१, शनिवार. गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहासमोर सकाळपासून माणसांचा समुद्र लोटला होता. रांग लावून तिकीट घ्यावयाचे असते ही शिस्त तेव्हा अंगवळणी पडलेली नव्हती. खिडकीशी अक्षरशः झुंबड उडाली. पोलिसांना बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले. इतके कशासाठी? तर पडद्यावरची माणसे आज बोलणार होती, आणि नुसती बोलणार नव्हती, गाणार होती. अर्देशीर इराणी ह्यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट त्या दिवशी प्रकाशात आला.

चित्रपट आधी मुका होता, पण चित्रपटगृह मुके नव्हते, हे आपण विसरतो. पडद्यासमोर पेटीवाला आणि तबलजी बसत आणि चित्र पाहून वाजवीत. घोडा दौडला की तबला दौडे, नायिका रडली की पेटी रडे. बोलपट आला आणि गाणे पडद्यावर गेले. ह्या वादकांची मात्र जागाच नाहीशी झाली. एका कलेच्या जन्मदिवशी दुसऱ्या कोणाची तरी चूल विझते, ही इतिहासातली नेहमीची आणि दुर्लक्षित राहणारी बाजू आहे.

‘आलम आरा’ची कथा पारशी रंगभूमीवरचे नाटककार जोसेफ डेव्हिड ह्यांच्या नाटकावरून घेतलेली. राजा, दोन राण्या, कारस्थान, फकिराचे भाकीत आणि परागंदा झालेली कन्या असा सगळा मसाला. नायिका झुबेदा. नायक मास्टर विठ्ठल, मूकपटांतले साहसी कामांचे लाडके मराठी नट. त्यांनी ह्या चित्रासाठी आपल्या आधीच्या कंपनीचा करार मोडला. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना ह्यांनी. खटला जिंकला, पण उर्दूने घात केला. मास्टर विठ्ठलांची जीभ त्या भाषेला वळेना. तेव्हा त्यांच्या भूमिकेचा पुष्कळसा भाग मूर्च्छेत आणि गुंगीत काढण्यात आला, असे सांगतात. बोलपटाचा पहिला नायक, आणि त्याला बोलावयाचे थोडे! काळ बदलला म्हणजे कालचे भांडवल आज कसे निरुपयोगी होते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. पृथ्वीराज कपूर मात्र ह्याच चित्रात होते आणि त्यांचा भरदार आवाज पुढे चार दशके गाजला.

चित्रीकरणाची कथा तर चित्राहून रंगतदार आहे. ध्वनी आणि चित्र एकाच वेळी, एकाच फितीवर उमटवणारे टॅनार पद्धतीचे यंत्र अमेरिकेतून आणलेले होते. ते शिकविण्यासाठी डेमिंग नावाचा तज्ज्ञ आला. त्याचा रोजचा मेहनताना शंभर रुपये, म्हणजे त्या काळी डोळे पांढरे करणारी रक्कम. इराणींनी त्याच्याकडून काय शिकावयाचे ते शिकून घेतले आणि पुढचे ध्वनिमुद्रण सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच केले. स्टुडिओच्या लगतच रेल्वेमार्ग. थोड्या थोड्या वेळाने गाडी धडधडत जाई आणि प्रेमाच्या संवादात इंजिनाची शिट्टी मिसळे. तेव्हा शेवटची गाडी गेली की दिवे लावावयाचे आणि पहाटे गाड्या सुरू होईपर्यंत काम उरकावयाचे, असा क्रम ठरला. ध्वनिग्राहक कोठेतरी दडवून ठेवलेले, वादक चौकटीबाहेर लपलेले, आणि नट अभिनय करता करता गात आहेत. गाण्यात चूक झाली की सारेच पुन्हा. पार्श्वगायनाची सोय कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये रूढ केली. तोवर जो गाईल तोच दिसेल, आणि जो दिसेल त्याला गावेच लागेल!

चित्रात सात गाणी होती. संगीत फिरोजशहा मिस्त्री आणि बी. इराणी ह्यांचे, साथीला मोजकी वाद्ये. पहिले गाणे गायले वझीर महंमद खान ह्यांनी, एका फकिराच्या भूमिकेत. देवाच्या नावाने दान मागणारे ते साधेसे गाणे. भारतीय चित्रपटसंगीताच्या अफाट वैभवाचा आरंभ एका भिक्षेकऱ्याच्या तोंडून व्हावा, ह्यात मला तरी मोठे औचित्य दिसते. त्या झोळीत पुढे देशाने काय काय घातले! पुढल्याच वर्षी ‘इंद्रसभा’ आला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. त्याच १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोविंदराव टेंब्यांचे संगीत आणि दुर्गाबाई खोट्यांची तारामती मराठी माणसाने डोक्यावर घेतली. ‘आलम आरा’नंतर काही महिन्यांतच इराणींच्याच कंपनीच्या ‘कालिदास’ ह्या चित्राने तमिळ आणि तेलुगू बोली पडद्यावर आणली. निरनिराळ्या भाषांच्या ह्या देशाला एकत्र गुणगुणावयास लावण्याचे सामर्थ्य ज्या एका गोष्टीत निघाले, ती गोष्ट म्हणजे चित्रपटगीत.

त्याची किंमतही मोजावी लागली. संगीत नाटकांच्या मंडळ्या बोलपटांपुढे हळूहळू हतबल झाल्या. थिएटरे चित्रपटांकडे गेली, नटही गेले. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन पडद्यावर आले. पण रंगभूमीवर शालू नेसून जो चमत्कार घडे, तो पडद्याने त्यांना दिला नाही. किर्लोस्करांनी लावलेल्या झाडाची सावली अशी आखडत गेली.

आणि आता ह्या कथेतला सर्वांत बोचणारा भाग. ज्या ‘आलम आरा’ने सारा देश बोलका केला, तो स्वतः आज मुका आहे. त्याची एकही प्रत उरलेली नाही. गाण्यांच्या तबकड्या तेव्हा निघाल्या नाहीत. काही छायाचित्रे, जाहिराती, गाण्यांचे काही शब्द, बस्स, एवढेच. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली असे वारंवार लिहिले जाते. ते खरे नव्हे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली आणि ते ज्यांनी उभारले त्या पी. के. नायर ह्यांनी स्पष्ट सांगितले आहे की हा चित्रपट संग्रहालयाच्या हाती कधी आलाच नव्हता. ते इराणींना भेटले तेव्हा काही रिळे स्टुडिओत कोठेतरी असावीत असे वृद्ध इराणी म्हणाले. परंतु फितीतली चांदी काढून घेऊन ती निकालात काढली गेली, असे त्यांच्या मुलाकडून नंतर कळले.

चांदी! आपल्याला हळहळ वाटते, पण रागावण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. जुन्या फितीवरच्या चित्राच्या थरात चांदी असे. ती गाळून विकणे हा त्या धंद्यातला सर्रास व्यवहार होता. ज्याचे प्रदर्शन संपले त्या चित्राला बाजारात दुसरे मोल नव्हते. जो वारसा आज आपल्याला अमोल वाटतो, तो त्या दिवशी अडगळीत पडलेला आणि पेट घेणारा धोकादायक माल होता. दोष एका माणसाचा नव्हता. जे रोज कानावर पडते त्याला जपावे लागते, हेच समाजाला ठाऊक नव्हते. आपल्या घरांतून जुन्या तबकड्या, ध्वनिफिती भंगारवाल्याकडे जातात तेव्हा आपणही तेच करीत असतो. फक्त त्यातून चांदी निघत नाही, एवढेच!

चौथा वाटसरू सातासमुद्रांपलीकडचा. १४ मार्च १९३३ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात क्विन्सी जोन्स जन्मला. वस्ती गुंडांची, आईला मनोविकार, बाप सुतार. वयाच्या अकराव्या वर्षी, खाऊ चोरण्यासाठी मित्रांबरोबर एका करमणूक केंद्रात शिरला असता, त्याला अंधारात एक पियानो सापडला. पट्टीवर बोट ठेवले आणि आपले आयुष्य येथेच आहे असे त्या पोराला उमगले, असे तो पुढे सांगत असे. ट्रंपेट वाजवीत तो नामांकित वाद्यवृंदांतून फिरला, पॅरिसला जाऊन नादिया बूलाँजे ह्या विदुषीपाशी शिकला, आणि कृष्णवर्णीयांना ज्या काळी मागच्या दाराने आत यावे लागे त्या काळी एका बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीचा उपाध्यक्ष झाला. १९७४ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने त्याचे ट्रंपेट सुटले. पण दुसऱ्याच्या आवाजातले उत्तम ते हेरून बाहेर काढण्याची त्याची कला बहरली. मायकेल जॅक्सनचा १९८२ सालचा ‘थ्रिलर’ हा जगात सर्वाधिक खपलेला गीतसंच त्याच्याच हाताखाली सिद्ध झाला. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री, आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी, अमेरिकेतले चाळीसहून अधिक नामवंत गायक त्याने एका खोलीत जमवले. दारावर त्याने सूचना लावली होती. तिचा आशय असा, की प्रत्येकाने आपला अहंकार बाहेर ठेवून आत यावे. आपल्याकडच्या देवळाबाहेर वहाणा काढून ठेवतात, तसेच हे. २०२४ च्या नोव्हेंबरात तो गेला.

आणि शेवटचा वाटसरू आपल्या घरचा. १४ मार्च २००३ रोजी नागपुरात कवी सुरेश भट ह्यांचे निधन झाले. १९३२ साली अमरावतीत जन्मलेला हा माणूस लहानपणीच पोलिओने एका पायाने अधू झाला. पण त्याच्या शब्दांना मात्र पंख होते. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’, ‘झंझावात’ अशी संग्रहांची नावेच त्यांच्या प्रवासाची दिशा सांगतात. माधव जूलियनांनी गझल मराठीत आणली होती. पण ती बोलीच्या उंबरठ्यावर थोडी अवघडून उभी होती. भटांनी तिला घरात घेतले, माजघरात नेले, चावडीवर बसवले. दोन ओळींचा प्रत्येक शेर स्वतःच्या पायावर उभा, आणि यमकाच्या धाग्याने सगळे शेर एकत्र बांधलेले. हे तंत्र नवोदितांना कळावे म्हणून त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि अनेकांना पत्रांतून शिकवले. विद्या गुपित ठेवणाऱ्या आपल्या परंपरेत हा गुण दुर्मिळ आहे.

त्यांच्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या, लता आणि आशा ह्या भगिनींनी त्या गायल्या, आणि १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटातून त्यांचे शब्द ज्यांनी कधी काव्यसंग्रह उघडला नसेल त्यांच्याही ओठांवर गेले. पुण्यामुंबईत, तसेच इंदूर, बडोदा, हैदराबाद येथल्या मराठी घरांतही ते गुणगुणले गेले. कवी कोण हे ठाऊक नसतानाही! लोकप्रिय गीताच्या कर्त्याला मिळणारा हा विचित्र सन्मान आहे. त्याचे नाव गळून पडते तेव्हाच त्याचे गाणे खरोखर लोकांचे होते.

पण कथा तेथे संपत नाही. मराठी भाषेच्या अभिमानाविषयीची भटांची एक रचना संगीतकार कौशल इनामदार ह्यांनी स्वरबद्ध केली आणि कवी गेल्यानंतर सात वर्षांनी, २०१० साली, ती शंभराहून अधिक गायकांच्या आणि त्यांच्या जोडीला शेकडोंच्या समूहाच्या आवाजात लोकांपुढे आली. आज शाळाशाळांतून मुले ती म्हणतात. एकीकडे ‘आलम आरा’: आवाज होता, पण तो जपला गेला नाही. दुसरीकडे हा कवी: तो गेला, पण कागदावरच्या त्याच्या शब्दांना मागाहून सहस्रमुखी आवाज मिळाला.

आरंभी जो प्रश्न आपण पुढे ठेवला त्याचे उत्तर ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. गाणे यंत्राच्या आधारे दूरवर जाते, हे खरे. पण यंत्र त्याला अमर करीत नाही. फिती विरतात, तबकड्या झिजतात, नवी यंत्रे जुन्यांना ओळख देत नाहीत. गाणे जगते ते दोनच गोष्टींनी: कोणीतरी ते जाणीवपूर्वक जपून ठेवावे लागते, आणि कोणीतरी ते पुन्हा गावे लागते. पहिले काम संग्रहालयांचे आणि नभोवाणीचे आहे. दुसरे मात्र तुमचे-आमचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादी जुनी ओवी, एखादे नाट्यपद, एखादे विस्मरणात गेलेले चित्रगीत येत असेल, तर ते त्यांच्याकडून आजच ऐकून घ्यावे, टिपून ठेवावे, नातवंडांना शिकवावे. पुढच्या चौदा मार्चची वाट पाहू नये. गिरगावातल्या त्या शनिवारी ज्यांनी वझीर महंमद खानांचा आवाज ऐकला, त्यांतल्या कोणालाही वाटले नसेल की हा आवाज एक दिवस कोठेच सापडणार नाही.